ताईला विचारा : मोबाईल काढून घेतला की घरात रामायण

प्रश्न : ताई, मुलगा सातवीत आहे, वय 12. शाळेचा होमवर्क व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो म्हणून मोबाईल द्यावाच लागतो आणि एकदा हातात गेला की गणितं उतरवायला दहा मिनिटं आणि पुढे शॉर्ट्स चालू, जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं गं आई". काढून घेतला की आदळआपट. आता कळलं की इन्स्टावर पण अकाउंट आहे, जन्मसाल खोटं टाकून. मिस्टर म्हणतात मोबाईलच बंद कर त्याचा, आणि स्वतः ताटावर बसून क्रिकेट बघतात. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर : आधी मिस्टरांचंच घेऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेने पोरांना मोबाईलची सवय लागली म्हणून ग्रामपंचायतीने हे सुरू केलं. मला त्यातलं आवडलं ते हे की भोंगा पोरांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा नाही. तुमच्या घरी भोंगा नको पण जेवणाच्या वेळी तिघांचे मोबाईल टीव्हीच्या कपाटावर, मिस्टरांचा सगळ्यात आधी, मॅच असली तरी. ते तयार नसतील तर मुलाला काही सांगायला जाऊच नका, तो तोंडावर बोलून दाखवेल आणि बरोबरच बोलेल.

आता शॉर्ट्स. "पाच मिनिटं" म्हणताना पोरगं खोटं बोलत नसतं, त्या गोष्टीला शेवटच नाहीये. सिरीयल निदान अर्ध्या तासाने संपायची, इथे एक संपायच्या आत अंगठा पुढचा वर ढकलतो, मोठी माणसंसुद्धा असंच करतात. त्यामुळे नुसतं "आवर" म्हणून भागत नाही, सेटिंगला हात घालावा लागतो. यूट्यूबमध्ये वॉच हिस्टरी, म्हणजे आधी काय काय बघितलं त्याची यादी, पूर्ण डिलीट करा आणि मग बंद करून ठेवा. तसं केलं की उघडल्या उघडल्या समोर येणारी व्हिडिओंची रांग येतच नाही, होम पेज जवळजवळ कोरं दिसतं. मग मुलाला काय बघायचंय ते स्वतः सर्च करावं लागतं, म्हणजे आधी ठरवावं लागतं. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो ते ऑटोप्ले पण बंद करा. आणि हे त्याला शेजारी बसवून करा, चोरून केलंत तर तो दोन मिनिटांत परत चालू करेल, आपल्यापेक्षा त्यांना जास्त येतं. होमवर्कचं म्हणाल तर मोबाईल हॉलमध्येच, वहीत उतरवून झालं की परत. झोपायच्या खोलीत चार्जिंगला सुद्धा नको.

इन्स्टाचं मात्र मला जास्त खटकलं. तिथे 13 च्या आत अकाउंट काढायला परवानगीच नाही हे तर आहेच, पण खोट्या जन्मसालाचा दुसरा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही. 18 च्या आतल्यांना तिथे टीन अकाउंट मिळतं, ते आपोआप प्रायव्हेट असतं, ओळख नसलेला माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद. मुलाने साल टाकताना स्वतःला 20 वर्षांचा केला असेल तर ॲपच्या लेखी तो मोठा माणूस, म्हणजे ही सगळी राखण गेली. आत्ता ते अकाउंट डिलीट करायला लावा, 13 झाल्यावर तुमच्यासमोर खऱ्या तारखेने काढू दे. चिडेल. चिडू दे.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. बाबा इन्स्टाचा पासवर्ड मागतात, मी देत नाही म्हणून भांडण. माझ्या बेस्ट फ्रेंडला मात्र माहितीये. बाबांचं बरोबर आहे का?
– पुण्याहून एक मुलगी

उत्तर : अगं, बाबांना नाही आणि मैत्रिणीला आहे, हे तर उलटंच झालं! पासवर्ड दोघांनाही नको. आज बदल, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव, म्हणजे नवीन मोबाईलवरून लॉगिन करताना पासवर्डसोबत कोडही लागतो. बाबांसमोर बसून फॉलोअर्सची लिस्ट उघड आणि ज्यांना तू ओळखत नाहीस ते तूच काढ, बाबांना तुझ्या चॅट वाचायच्या नसतात गं, बहुतेक वेळा फक्त भीती असते.

आणि ती भीती अगदीच उगाच नाही. कधी कोणी फोटोवरून धमकावलं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे आणि घरी सांगायचं. टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, 18 च्या आत काढलेल्या कपड्यांशिवायच्या किंवा तसल्या फोटोंसाठी, त्यात फोटो तुझ्या मोबाईलमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून इन्स्टा, फेसबुक वगैरे तो फोटो शोधून काढून टाकतात. तक्रारीसाठी सायबर हेल्पलाइन 1930, आणि घरी सांगायची हिंमत होत नसेल तर 1098, तो मुलांसाठीचाच नंबर आहे आणि रात्री पण लागतो.