आधी समाचाराला जा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. राजीनामा दिलास, कायमची बडोद्याला परततेस, आणि विचारतेस की आल्यावर काय काय सांभाळू. कॅनडाला जाताना तुझी शिफारसपत्रं मी लिहिली होती, तेव्हा परतीचं पत्रही माझ्याच वाट्याला आलं, चालायचंच. कलाभवनात, आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकवताना परदेशी गेलेली मुलं खूप पाहिली. परतलेली कमी पाहिली, पण त्यांचं पहिलं वर्ष जवळून पाहिलं. त्यावरून सांगते.

तिकीट डिसेंबरचं काढू नकोस. तो आपल्या गुजरातचा एनआरआय सीझन. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, प्रत्येक गच्चीवर तुझ्यासाठी जागा असेल, उंधियू-जिलेबी असेल, जो तो ‘कधी आलीस’ म्हणून गळ्यात पडेल. १५ जानेवारीला वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, संपलं की लोक कामाला लागतात, आणि तू राहशील रिकाम्या गच्चीत फिरकी धरून. त्यापेक्षा जूनअखेरीस ये. शाळा सुरू झालेल्या, पाऊस लागलेला, कुणालाही वेळ नाही. घर रोजच्या चालीत असेल, आणि तुला राहायचंय ते त्याच घरात. शिवाय उन्हाळाही टळेल. नऊ वर्षं थंडीत काढलेल्या माणसाने थेट मे महिन्यात बडोद्यात उतरणं हा शहाणपणा नव्हे.

आता घराबद्दल. तुझ्याशिवाय चालायला ते शिकलंय, आणि बरं चालतंय. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तू तिकडून मगरींचे व्हिडिओ बघून घाबरत होतीस. इकडे दादा कारेलीबागेतल्या घरातला फ्रिज जिन्यावर चढवत होता आणि वहिनी बाबांच्या गोळ्या पिशवीत घालून कमरेला बांधून फिरत होती. तू पैसे पाठवलेस, वेळेवर पाठवलेस, आणि त्याचा मान तुला मिळेलच. पण बाबा गोळी कशाबरोबर घेतात, आईला कुठल्या गुडघ्यावर उठता येत नाही, दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवतं, हे तुला ठाऊक नाही. निदान दिवाळीपर्यंत घरात काही सुधारू नकोस. गाद्या बदलू नकोस, बाबांचा डॉक्टर तर मुळीच बदलू नकोस. परतलेल्या मुलांना आल्या आल्या डॉक्टर बदलायचा भारी सोस असतो. ज्याने इतकी वर्षं त्यांना दवाखान्यात नेलं, त्याला ते कसं लागतं याचा विचार कर.

त्याऐवजी वहिनीला विचार, कुठल्या कामाचा तुला सगळ्यात कंटाळा येतो. ती सुरुवातीला काही नाही म्हणेल. पुन्हा विचार. मग निघेल काहीतरी: महापालिकेचा वेरा म्हणजे घरपट्टी, मेडिक्लेमचे कागद, नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला. ते काम घे आणि कायमचं घे. भाजी मी चिरते, म्हणून स्वयंपाकघरात घुसण्यापेक्षा हे बरं. स्वयंपाकघर तिचं आहे. तुझ्या आईने ते तिच्या हाती कसं सोपवलं असेल, त्यात काय काय बोलणं झालं असेल, ते तुला कुणी सांगायचं नाही.

भाचा तू गेल्यावर जन्मला. तुला तो फोनमधली आत्या म्हणून ओळखतो. त्याला चॉकलेटांनी विकत घेऊ नकोस. शाळेत सोडायचं काम मिळालं तर बघ.

आणि आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले ते. तू नसताना जी माणसं गेली त्यांची आईबरोबर बसून यादी कर, आणि पहिल्या पंधरा दिवसांत त्या प्रत्येक घरी जाऊन ये. रावपुऱ्यातले तुझे आत्तोबा, दांडिया बाजारच्या जुन्या घराशेजारच्या मासी, तुझ्या मैत्रिणीचे वडील, आपल्या प्रयोगशाळेतले काका. त्यातले दोघं २०२१च्या एप्रिल-मेमधले, कोविडच्या लाटेतले, म्हणजे ज्यांच्या घरी तेव्हा इथलंही कुणी जाऊ शकलं नाही. मासींचं तर बेसणं, म्हणजे शोकसभाही, ऑनलाइन झालं. तू मेसेज पाठवला होतास, मला माहीत आहे. तरी जायचं.

कसं जायचं तेही सांगते, कारण तुमच्या पिढीला याचं अवघडलेपण फार. आधी फोन करून वेळ ठरवलीस तर ते फराळाची तयारी करून बसतील. तशीच संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा. हातात गोडाचं काही नको, परदेशी पिशवी तर नकोच. फोटोला नमस्कार करून बस. विमानं बंद होती, व्हिसा अडकला होता, हे सांगू नकोस. त्यांनी विचारलेलं नाही. तू विचार, काय झालं होतं. सगळ्यांना सांगून झालेलं असतं, तुला सांगायचं राहिलेलं असतं. मग पहिल्या तापापासून सुरुवात होईल, कुठल्या हॉस्पिटलात जागा मिळाली नाही, शेवटचा फोन कुणाला केला, सगळं येईल. मध्ये तोडू नकोस, घड्याळ बघू नकोस. चहा आला तर पी. एखाद्या घरात दहा मिनिटांत विषय संपेल आणि तुझ्या पगाराकडे नाहीतर लग्नाकडे गाडी वळेल. वळू दे, त्यांनाही तेवढ्यावरच थांबायचं असेल. एखाद्या घरात राग निघेल. बहुतेक आत्याकडेच निघेल, कारण आत्तोबांनी तुझ्या पहिल्या तिकिटाला हातभार लावला होता. तिथे समजूत घालू नकोस. ऐकून घे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

मित्रमैत्रिणींचं यामानाने सोपं. तुझा जुना ग्रुप अर्धा बाहेरगावी आहे आणि उरलेल्यांना सासू-सासरे, दुकान, मुलांच्या परीक्षा आहेत. सगळ्यांना अलकापुरीत एका कॅफेत तुझ्या वेळेला गोळा करशील तर फोटो छान निघतील, बोलणं काही व्हायचं नाही. जी वाघोडिया रोडला राहते तिच्याकडे तिच्या वेळेला जा, ज्याचं दुकान आहे त्याच्या दुकानात जाऊन बस.

मेलमध्ये एक वाक्य लिहिलंयस, बडोदा सगळ्यांना सामावून घेतं म्हणून. त्यावर मला थांबावं लागलं. अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले आणि १८९३ साली परतले ते थेट आपल्या गायकवाडांच्या नोकरीत. स्वतःची बंगाली त्यांना धड येत नव्हती, ती ते इथे बसून शिकले, वर मराठी-गुजरातीही शिकले. १९०६पर्यंत राहिले. त्यांना गावाने घेतलं. आणि याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७च्या सप्टेंबरात नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. नाव बदलून पारशी वसतिगृहात राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कामाठीबागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि मुंबईची गाडी धरली. दोघंही विलायतेत शिकलेले, दोघंही महाराजांना हवे होते. तुझ्यासाठी जे दार सताड उघडेल त्यात तुझ्या आडनावाचा वाटा किती, ते तूच बघ. आजही भाड्याचं घर बघायला गेलं की जात आणि ताटात काय असतं ते विचारतात. तुझ्याबरोबर परतायचं म्हणणारी ती मैत्रीण इथे घर शोधणार असेल, तर तिला ते सामावून घेण्याचं वाक्य ऐकवू नकोस. तिच्याबरोबर घरं बघायला जा.

पैशांचं थोडक्यात. कायमची आलीस की बँकेला तसं कळवायचं. एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते निवासी खात्यात बदलावं लागतं. परकीय चलन ठेवायचं असेल तर त्यासाठी आरएफसी, म्हणजे निवासी परकीय चलन खातं असतं. जूनअखेरीस आलीस तर मार्चपर्यंत १८२ दिवस सहज भरतात, म्हणजे करासाठी निवासी ठरशील. पण आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असलीस, किंवा आधीच्या ७ वर्षांत इथे मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिली असलीस, तर ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा काही काळ मिळतो, आणि त्या काळात बाहेरच्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. पासपोर्टवरचे शिक्के मोजून सीएकडे जा. जुना भारतीय नंबर बंद पडला असेल तर आधी तो सोडव, ओटीपीशिवाय इथे आता पान हलत नाही.

गावात बरंच बदललंय. तू गेलीस तेव्हा न्यायमंदिरात कोर्ट भरत होतं, २०१८ साली ते दिवाळीपुऱ्यात गेलं. रस्ते चुकशील. दादाला विचार, त्याला सांगायला आवडेल.

माझ्याकडे यायची घाई नको. आधी ती घरं करून ये, मग एखाद्या गुरुवारी चारनंतर ये. लिफ्ट बंद असते, वॉचमन चालू आहे म्हणून सांगतो. जिन्यानेच ये.

तुझी
मॅडम