एका दिवसात पक्षी मोजून देणगी कशी जमवावी? (बेळगाव-खानापूर भाग)

तुम्ही विचारलंय: गावच्या वाचनालयासाठी निधी हवा आहे, चौघं मिळून एका दिवसात जास्तीत जास्त पक्षी-प्राणी मोजणार, लोक प्रत्येक जातीमागे पैसे देणार, तर बेळगाव भागात हे कुठे आणि कसं करावं?

हे नक्की जमण्यासारखं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये 1984 पासून पक्षीमोजणीची एक स्पर्धा भरते आणि तिथले गट याच पद्धतीने देणग्या मिळवतात. पण देणगीदार तुमच्याबरोबर रानात नसतो, तो तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे देतो. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी नियम लिहून काढा आणि देणगीच्या अर्जावरच छापा.

माझ्या मते नियम असे असावेत. मोजणी एकाच तारखेची. पक्षी जिवंत, मोकळा आणि रानटी हवा, म्हणजे भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयातले पिंजऱ्यातले पक्षी किंवा कुणाची पाळलेली बदकं धरायची नाहीत. चौघांपैकी किमान दोघांनी पक्षी पाहिलेला किंवा ऐकलेला असला पाहिजे. नुसता आवाज चालेल, पण तो दोघांनाही स्वतंत्रपणे ओळखता आला पाहिजे. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवलं एवढ्यावर नोंद करू नका. ॲप फक्त कुठे कान द्यायचा ते सांगतं. वानर, शेकरू, गवा, भेकर दिसले तर त्यांची यादी वेगळी ठेवा आणि पैसे फक्त पक्ष्यांवर घ्या. पाऊलखुणा, लेंड्या, साळिंदराचा काटा यांवरून जात धरायची की नाही यावर संध्याकाळी वाद होतातच, म्हणून तेही आधीच ठरवून लिहा. फुलपाखरं मोजायची असतील तर पावसाळा सरल्यावरचे दोन महिने बरे, बेडकांसाठी भर पावसाळा. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, कारण तेव्हा पाहुणे पक्षी आलेले असतात.

पैशाचा भाग सोपा आहे, तरी बहुतेक उपक्रम तिथेच बिघडतात. अर्जावर तीन रकाने ठेवा: जातीमागे किती रुपये, जास्तीत जास्त किती, आणि आकडा काहीही आला तरी द्यायची ठोक रक्कम. कमाल मर्यादा नसली की गोंधळ होतो. एखाद्याने पन्नासेक पक्षी होतील असं धरून जातीमागे 20 रुपये लिहिलेले असतात, तुम्ही 105 घेऊन येता, आणि 2,100 रुपये मागताना दोघांनाही अवघडतं. अंदाज म्हणून मी 80 ते 110 असं आधीच छापेन. जातीमागे 5 रुपये देणारे चाळीस जण मिळाले आणि 90 जाती झाल्या, तर 18,000 रुपये होतात. पैसे थेट संस्थेच्या खात्यात घ्या, क्यूआर कोडही संस्थेचाच असू द्या. संस्थेला 80जी (देणगीवर आयकरात सवलत देणारी मान्यता) असेल तर सांगून ठेवा की 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती करसवलत मिळत नाही. पेट्रोल आणि नाश्त्याचा खर्च गटाने स्वतः उचलावा, देणगीतून काढू नये. अर्ज आणि पावती मराठी-कन्नड दोन्हींत छापा. हुक्केरी-गोकाककडे त्याचा फार उपयोग होतो.

आता मार्ग. इथे आपला जिल्हा खरोखर भाग्यवान आहे. कणकुंबीला धो-धो पाऊस आणि दाट सदाहरित रान, तर पूर्वेला गोकाककडे कोरडा माळ, आणि दोन्ही एका दिवसाच्या टप्प्यात. आकडा वाढतो तो अधिवास बदलल्यामुळे. एकाच रानात सहा तास फिरलात तर पहिल्या दोन तासांनंतर नवीन नावं फार कमी मिळतात. म्हणून रान, पाणी, शेत आणि माळ हे चार टप्पे धरा.

पहाटे सव्वापाचला जांबोटीच्या आसपास गावाच्या कडेला थांबा. गाडी बंद, टॉर्च बंद, वीस मिनिटं फक्त ऐकायचं: घुबडं, रानपिंगळा, रातवा. जानेवारीत उजाडायला सात वाजतात. तिथून साडेनऊपर्यंत कणकुंबीच्या दिशेने रस्त्याकडेने चाला आणि दर अर्ध्या-पाऊण किलोमीटरला थांबा. मलबारी राखी धनेश, शीळकरी कस्तूर, हरेवा, सुभग, नवरंग हे इथलं धन. रानात बराच वेळ सामसूम असते आणि मग अचानक मिश्र थवा येतो. दहा मिनिटांत दहा-बारा जाती डोक्यावरून निघून जातात. अशा वेळी चौघांनी एकाच पक्ष्याकडे दुर्बीण लावली की बाकीचे सुटतात. आधीच वाटणी करा: एकाने शेंडे, एकाने मधल्या फांद्या, एकाने झुडपं आणि जमीन पाहायची, चौथ्याने फक्त लिहायचं. लिहिणाऱ्याच्या हातात दुर्बीण देऊ नका.

भीमगड अभयारण्य (2011 साली घोषित) याच पट्ट्यात आहे. आत शिरायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज बऱ्याच आधी आणि कन्नडमध्ये द्या. परवानगी नसेल तर सार्वजनिक रस्ता सोडू नका, रस्त्यावरूनही भरपूर मिळतं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांकडे तर अजिबात वळू नका. तिथल्या दुर्मीळ वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन 1913 साली याच गुहांतल्या नमुन्यावरून झालं. माणसांच्या वावराने वसाहत विस्कटते, आणि यादीत एक नाव वाढवण्यासाठी ती किंमत कुणी मोजू नये.

साडेनऊ-दहानंतर ऊन तापलं की शिकारी पक्षी हवेत वर चढतात, तेव्हा मागे फिरताना आभाळावर लक्ष ठेवा. वाटेत राकसकोपच्या तलावावर तासभर. जेवण गाडीत. मग हिडकल धरणाचं मागचं पाणी: बदकं, शेकाटे, तुतारी, चित्रबलाक, पाणकावळे. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. दुपारी पाण्यावर हवा थरथरते, तेव्हा स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी मोठी दुर्बीण) कमी झूमवर ठेवा. झूम वाढवून काही हाती लागत नाही. धरणाच्या भिंतीवर जाऊ नका. या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते तुंबतात, त्यामुळे या टप्प्याला नकाशात दिसतो त्यापेक्षा पाऊण तास जास्त धरा. पण वाटेत उसाची तोड चालू असेल तर थांबाच. बगळे, धोबी, वेडा राघू, खाटीक तिथे सहज मिळतात. शेवटचे दोन तास माळावर: चंडोल, माळटिटवी, तिरचिमण्या, आणि सूर्यास्ताला गवतात उतरणारे भोवत्ये.

चुका कुठे होतात तेही सांगतो. सगळ्यात मोठा फसवा भृंगराज. तो शिक्रा आणि सर्पगरुडाची हुबेहूब नक्कल करतो, आणि हरेवाही नकला करण्यात कमी नाही. दाट रानात आवाजावरून शिकारी पक्षी लिहिलात आणि तो दिसला नाही, तर खोडून टाका. भोवत्यांच्या माद्या, पर्ण वटवटे, तिरचिमण्या यांत जात पक्की होत नसेल तर आकड्यात धरू नका. कोकीळ आणि पावशा हिवाळ्यात गप्प असतात, त्यांच्या हाकेवर अवलंबून राहू नका. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं पूर्ण बंद ठेवा. पक्षी हद्द राखायला धावून येतो, त्याचं खाणं बुडतं, आणि समोरून आलेलं उत्तर पक्ष्याचं की दुसऱ्या कुणाच्या फोनचं हेही कळत नाही.

सामान थोडंच लागतं: 8×42 च्या दोन-तीन दुर्बिणी, तिपाईसह एक स्कोप, पॉवर बँक, कागदी वही आणि दोन पेन्सिली. जांबोटीच्या पुढे रेंज जाते, म्हणून ईबर्ड या पक्षीनोंदीच्या ॲपचा कर्नाटकाचा पॅक घरीच उतरवून घ्या. प्रत्येक ठिकाणाची यादी वेगळी करा. दिवसभराची एकच लांब यादी केली तर कोणता पक्षी कुठला ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. आठवडाभर आधी त्याच वेळी सगळा मार्ग एकदा फिरून या आणि प्रत्येक थांब्यावरून निघायची वेळ वहीत लिहा. मोजणीच्या दिवशी ती वेळ झाली की निघायचंच, समोर काहीही असो. एका धनेशासाठी अर्धा तास जास्त थांबलात की संध्याकाळचा माळ हातचा जातो, आणि तिथे सात-आठ जाती असतात.

त्याच रात्री चौघांनी बसून यादी वाचा. एकाचीही शंका असेल तर ते नाव कापा. तीन दिवसांच्या आत प्रत्येक देणगीदाराला पूर्ण यादी, जागा आणि वेळेसकट, पाठवा, आणि त्याच संदेशात त्याची रक्कम व क्यूआर द्या. पंधरवडा उलटला की निम्म्या लोकांना पुन्हा आठवण करावी लागते.