माशाला दिसते, हे कळते कसे?

प्रश्न : झेब्राफिश नावाच्या माशावर प्रयोग करून दृष्टीचा आणि मेंदूतील चेतापेशींच्या जोडणीचा अभ्यास केला जातो, असे अलीकडे वाचनात आले. माझ्या दोन शंका आहेत. नखावर मावेल एवढ्या जिवाच्या डोळ्यांवरून माणसाच्या दृष्टीविषयी काही सांगणे कितपत योग्य आहे? आणि माशाला अक्षरांचा तक्ता वाचायला सांगता येत नाही. मग त्याला दिसते की नाही, हे शास्त्रज्ञांना कळते तरी कसे?

उत्तर : आपली दुसरी शंका आधी घेतो, कारण पहिलीचे निम्मे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

धावत्या आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या सहप्रवाशाच्या डोळ्यांकडे कधी निरखून पाहावे. एखादा खांब दिसला की बुबुळे त्याच्या मागे मागे सरकतात, खांब नजरेआड झाला की झटक्यात परत येतात आणि पुढच्या खांबाला धरतात. हे त्या प्रवाशाच्या इच्छेवर अवलंबून नसते. झेब्राफिशच्या पिल्लातही हीच क्रिया अंडे फलित झाल्यापासून तीन-चार दिवसांत सुरू होते. सुमारे चार मिलिमीटर लांबीचे ते पिल्लू घट्टसर पारदर्शक द्रवात अलगद बसवतात आणि त्याच्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नळकांडे फिरवतात. डोळे पट्ट्यांच्या मागे फिरले, तर पिल्लाला दिसते. पट्ट्या हळूहळू बारीक करत गेल्यावर एका टप्प्याला डोळे थांबतात. तीच त्याच्या नजरेची मर्यादा. अक्षरांच्या तक्त्यातली शेवटची ओळ म्हणजे तरी दुसरे काय असते?

याहून सोपी खूण पिल्लाच्या रंगात असते. उजेडात डोळस पिल्लाच्या कातडीतील काळे रंगकण आकसतात आणि ते फिकट होऊन पार्श्वभूमीत मिसळते. ज्याच्या डोळ्यांतून मेंदूकडे प्रकाशाची वार्ता जातच नाही, ते उजेडातही काळेच राहते. त्यामुळे फिकट पिल्लांच्या घोळक्यात एखादे काळेकुट्ट पिल्लू दिसले, तर त्याच्या दृष्टीविषयी लगेच शंका घेता येते. अशाच एका वाणाचे नाव ‘लाक्रिट्झ’ असे ठेवले गेले. जर्मन भाषेत हा शब्द ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीसाठी वापरतात. या पिल्लांत एका जनुकातील बिघाडामुळे दृष्टिपटलातून मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशीच तयार होत नाहीत.

असे बिघाड शोधून काढण्याची पद्धत या माशात रुजली, त्याला इतिहास आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत आणले आणि 1981 मध्ये त्याचे एकसारख्या जनुकांचे वंश तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि अमेरिकेतील बॉस्टन येथे वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटांनी हजारो माशांच्या पिढ्या तपासून विकासातील बिघाडांची मोठी यादीच 1996 मध्ये जगापुढे ठेवली. त्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे तंतू वाट चुकतात, असे वाणही होते. ‘बेलाडोना’ हा त्यांपैकी मला सर्वांत बोलका वाटतो. सामान्य पिल्लात उजव्या डोळ्याचे सर्व तंतू मेंदूच्या डाव्या बाजूला जातात आणि डाव्याचे उजव्या बाजूला. बेलाडोना वाणाच्या काही पिल्लांत ते बाजू ओलांडतच नाहीत. पट्ट्या उजवीकडे फिरवल्या की या पिल्लांचे डोळे डावीकडे फिरतात! डोळा शाबूत आहे, मेंदूही शाबूत आहे, चुकली आहे ती केवळ तार. आणि ती चूक पिल्लाच्या वागण्यात उघड दिसते.

आता आपल्या पहिल्या शंकेकडे येतो. मासा माणसासारखा आहे म्हणून त्याची निवड झाली, असे म्हणणे अर्धवट ठरेल. साम्य आहे, हे खरे. 2013 मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार आढळला. दृष्टिपटलातील पेशींचे मुख्य प्रकार आणि त्यांच्या थरांची रचनाही तीच आहे. परंतु खरे कारण असे, की हा जीव आईच्या पोटात वाढत नाही आणि सुरुवातीचे काही दिवस काचेसारखा पारदर्शक असतो. माणसाच्या किंवा उंदराच्या गर्भात जी जोडणी अंधारात, हाडांच्या आड होते, ती येथे जिवंत पिल्लाला कोठेही न कापता सूक्ष्मदर्शकाखाली होताना दिसते.

प्रत्यक्ष काय दिसते, तेही सांगतो. चेतापेशी सक्रिय झाली की तिच्यात कॅल्शियमचे प्रमाण क्षणभर वाढते. जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या चकाकत्या प्रथिनात बदल करून, कॅल्शियम वाढताच उजळणारे प्रथिन तयार करण्यात आले आणि त्याचे जनुक माशाच्या पेशींत घालण्यात आले. जपानमधील संशोधकांनी 2013 मध्ये अशा पिल्लासमोर एक पॅरामिशियम, म्हणजे त्याचे आवडते सूक्ष्म भक्ष्य, पाण्यात मोकळे सोडले. ते जसे पोहत गेले, तसा मध्यमेंदूच्या ‘टेक्टम’ नावाच्या छतावर एक उजळ ठिपका सरकत गेला. भक्ष्य वळले की ठिपकाही वळला. त्याच वर्षी अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात प्रकाशाच्या पातळ पडद्याने पिल्लाचा जवळजवळ संपूर्ण मेंदू दर 1.3 सेकंदाला एकदा टिपण्यात आला. त्यातील सुमारे एक लाख चेतापेशींपैकी 80 टक्क्यांहून अधिक पेशी स्वतंत्रपणे ओळखता आल्या. माणसाच्या मेंदूत चेतापेशींची संख्या सुमारे 86 अब्ज असते. त्यांची अशी पेशीवार हजेरी घेण्याचे साधन आज कोणाजवळ नाही.

मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात, कारण उत्साहाच्या भरात त्या बहुधा गाळल्या जातात. या माशाला चार प्रकारच्या शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, असतात आणि त्यांपैकी एका प्रकारामुळे त्याला अतिनील प्रकाशही दिसतो. आपल्या दोन्ही डोळ्यांचे जवळपास निम्मेच तंतू बाजू ओलांडतात. चेहरा ओळखणे, वाचणे यांसाठी आपण मेंदूच्या ज्या बाह्यकावर, म्हणजे बाहेरच्या थरावर, विसंबतो, तसा थर माशाला नाही. तेव्हा तारा कशा घातल्या जातात, हे माशाला विचारावे. वाचलेल्या ओळीचा अर्थ कसा लागतो, हे त्याला विचारू नये.

प्रश्न : मग या तारा डोळे उघडण्याआधीच जोडलेल्या असतात, की पाहता पाहता जोडल्या जातात?

उत्तर : हा वाद जुना आहे. रॉजर स्पेरी यांनी 1940 च्या दशकात सरड्यासारख्या दिसणाऱ्या न्यूट या उभयचरांवर आणि बेडकांवर प्रयोग करताना दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचा जुडगा, तोडून डोळा खोबणीत 180 अंशांनी फिरवून ठेवला. चेता पुन्हा वाढली, दृष्टी परतली, परंतु जग उलटेच दिसू लागले: माशी वर असली, तर बेडूक खाली झडप घालायचा, आणि सवयीने ही चूक कधी सुधारली नाही. याचा अर्थ प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच ठिकाणी परतला होता. तंतूंना रासायनिक पत्ता कळत असावा, हे मत त्यांनी 1963 मध्ये सविस्तर मांडले. तो पत्ता ज्या प्रथिनांनी लिहिलेला असतो, त्यांपैकी एफ्रिन नावाची प्रथिने 1990 च्या दशकात सापडली. टेक्टमवर त्यांचे प्रमाण पुढून मागे वाढत जाते. ज्या तंतूंना ती सहन होत नाहीत, ते पुढेच थांबतात. ज्यांना त्यांचे फारसे वावडे नसते, ते मागपर्यंत जातात.

झेब्राफिशमध्ये हे तंतू दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस टेक्टमपर्यंत पोहोचतात, म्हणजे पिल्लू काही पाहू लागण्याच्या आधीच. फुग्या माशाच्या विषाने सर्व चेतापेशींचे संदेश बंद ठेवले, तरी ढोबळ नकाशा नीट तयार होतो, हे 1990 मध्येच दिसून आले होते. म्हणजे घराघरांपर्यंत रस्ते पोहोचण्यासाठी रहदारीची गरज नसते. पण येथे थांबले तर उत्तर चुकेल. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सगळ्या पेशी नव्हे, तर एकच पेशी गप्प करण्यात आली. तिच्या तंतूच्या फांद्या खुरटल्या. मग शेजारच्या पेशीही गप्प केल्या, तेव्हा त्या फांद्या पुन्हा भरल्या. फांद्यांना जागा मिळते ती बोलण्यामुळे नव्हे, तर शेजाऱ्यांहून कमी न बोलण्यामुळे, असा याचा अर्थ.

लहान मुलाचा एक डोळा तिरळा असेल किंवा त्यात जन्मजात मोतीबिंदू असेल, तर नेत्रतज्ज्ञ उपचाराची घाई का करतात, हे यावरून थोडेफार उमगते. तेथील स्पर्धा मेंदूच्या बाह्यकात चालते आणि तिचे नियम अधिक गुंतागुंतीचे आहेत. पण मागे पडलेल्या डोळ्याची जागा दुसरा डोळा बळकावतो, हे सूत्र त्याच जातीचे आहे.

प्रश्न : माशाची तुटलेली दृष्टिचेता पुन्हा वाढते म्हणे. मग माणसाला त्याचा उपयोग कधी होणार?

उत्तर : वाढते, आणि दृष्टीही परत येते. इतकेच नव्हे, दृष्टिपटलाला इजा झाली तर माशातील म्युलर पेशी, म्हणजे दृष्टिपटलाला आधार देणाऱ्या पेशी, पुन्हा विभागून नव्या चेतापेशी निर्माण करतात. म्युलर पेशी आपल्याही डोळ्यांत आहेत, पण इजेनंतर त्या नव्या पेशींऐवजी व्रण तयार करतात. 2017 मध्ये प्रौढ उंदरांत एक जनुक चालू करून आणि सोबत औषध देऊन या पेशींपासून काही चेतापेशी मिळवण्यात यश आले. याला उपचार म्हणता येणार नाही आणि त्यासाठी वर्ष सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

प्रश्न : मत्स्यपेटीत मिळणारा झेब्राफिश हाच का?

उत्तर : जात हीच. गंगेच्या खोऱ्यातील मासे अभ्यासताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये तिचे वर्णन केले. प्रौढ मासा पारदर्शक नसतो. संशोधनासाठी रंगकण नसलेला खास वाण 2008 मध्ये तयार करावा लागला. पहाटे दिवा लागल्यावर मादी अंडी घालते आणि हे मासे आपलीच अंडी खातात, म्हणून तळाशी जाळी किंवा गोट्या ठेवाव्यात. अंडी वेगळी काढून साध्या भिंगातून पाहिली, तर पहिल्या दिवसाच्या अखेरीस शेपटी वळवळताना दिसते, दुसऱ्या दिवशी डोळे काळे होतात, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पिल्लू बाहेर येते, आणि पाचव्या दिवशी समोर भक्ष्य आले की त्याचे दोन्ही डोळे एकदम नाकाकडे वळतात.