आजीवर लिहायचं आहे. आधी कुणाचं चरित्र वाचू?

तुमचा प्रश्न असा: आजी नुकतीच गेली, आयुष्यभर तिनं काम केलं, देवधर्म केला, एका संस्थेसाठी विनामोबदला राबली, अध्यक्ष मात्र कधीच नव्हती; तिच्यावर लिहायला बसलात की 'कष्टाळू, श्रद्धाळू, सेवाभावी' यापलीकडे लेखणी सरकत नाही, तर नमुना म्हणून कुणाचं आयुष्य वाचावं, आणि तिच्या श्रद्धेबद्दल कसं लिहावं?

माझं उत्तर: पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०, मृत्यू १९५५.

नाव ओळखीचं वाटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. 'महर्षी कर्व्यांची मेहुणी' एवढ्या एका ओळीत त्यांची बोळवण होते. मलाही त्या भेटल्या त्या अशाच, दुसऱ्याच कुणाबद्दल वाचताना.

माहेर देवरुखचं, जोशांचं. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरात लहान मुलगा. मग त्या काळी ब्राह्मण घरात जे व्हायचं तेच झालं: केशवपन, आलवण, कोपरा. थोरली बहीण गोदूबाई तर त्याहून लवकर, अगदी बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, तिथे ती शिकली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. हीच पुढे आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे. या लग्नामुळे कर्व्यांच्या गावी, मुरुडला, त्यांच्यावर बहिष्कार पडला, ती कथा बहुतेकांना माहीत असते. तेव्हा माहेरच्या उंबऱ्याआड असलेल्या दुसऱ्या विधवा बहिणीला काय वाटलं असेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. पार्वतीबाई या आश्रमात आल्या. शिक्षण उशिरा सुरू झालेलं, बहिणीसारखी वाट काही त्यांनी धरली नाही. पुनर्विवाह केला नाही तो नाहीच. आश्रमात त्यांनी बरंच काही केलं. पण ज्यासाठी त्यांना आठवावं ते काम वेगळंच आहे. त्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या.

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मागणं म्हणजे काय ते मी थोडंसं चाखलंय. आमच्या वाचनालयाच्या छपरासाठी एका उन्हाळ्यात पावतीपुस्तक घेऊन हिंडलो होतो. पहिल्या दोन दारांत आवाज खणखणीत होता. तिसऱ्या दारात 'हे घरी नाहीत, परवा या' ऐकलं, आणि आतून 'हे' खाकरलेलेही ऐकू आले. पाचव्या दारापर्यंत मी बेल वाजवायच्या आधीच मनात 'कुणी नसलं तर बरं' म्हणू लागलो होतो. मी पुरुष, नोकरीतला, ओळखीच्या गल्लीत. मागायचं ते छपरासाठी, ज्याला कुणाचाच विरोध नव्हता.

आता पार्वतीबाईंचं दार डोळ्यांसमोर आणा. सकाळी जिचं तोंड दिसलं तर लोक घराबाहेर पडायचं टाळायचे, अशी सोवळी, म्हणजे केशवपन केलेली बाई दारात उभी. ती पैसे मागतेय विधवांना शिकवण्यासाठी. आणि संस्था कुणाची, तर ज्यानं विधवेशी लग्न करून धर्म बुडवला त्याची! नकार देणाऱ्याला कारण शोधायची गरजच नव्हती, तीन तयार होती.

तरी त्या मागत राहिल्या. माझा अंदाज असा की त्यांचं ते सोवळेपणच इथे कामी आलं असणार. कर्व्यांना जे घर उंबऱ्यावरून परत पाठवेल, तिथल्या माजघरापर्यंत पार्वतीबाई जाऊ शकत होत्या. सासूबाईंना त्यांच्यात आपल्यातलीच एक दिसत असेल, आणि कोपऱ्यातल्या विधवा सुनेला पहिल्यांदाच कळत असेल की अशीही बाई असते, जी आगगाडीनं एकटी फिरते आणि सभेत उभी राहून बोलते. पुढे त्यांनी केशवपन थांबवलं, केस वाढू दिले. वाचताना मला हे पुनर्विवाहाइतकंच धाडसाचं वाटलं. लग्न एकदा होतं, त्याची चर्चा होते आणि ओसरते. डोक्यावरचे केस रोज दिसतात, रोज कुणीतरी नव्यानं बोलतं.

१९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीस, इंग्रजी जेमतेम, सोबत कुणी नाही, जगात महायुद्ध चालू. इंग्रजी शिकावं, संस्थेसाठी पैसा उभा करावा हा हेतू. खर्च भागवायला त्या तिथल्या घरांतून मोलकरणीचं काम करत राहिल्या, शाकाहारही त्यांनी सोडला नाही. दोन वर्षांनी, १९२० मध्ये परतल्या. इथे एका संस्थेच्या मान्यवर कार्यकर्त्या, तिथे घरकामाची बाई, आणि त्यांच्या लेखी त्यात विसंगती नव्हती. जनाबाईचं दळण आपण देव्हाऱ्यात ठेवलं आहे. परदेशातली ही भांडी अजून मोरीतच पडलीत.

श्रद्धेबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. चरित्र लिहिताना आपण श्रद्धा एका परिच्छेदात वेगळी काढतो: रोज पहाटे उठून पूजा, एकादशी, पोथी. मग पुढच्या परिच्छेदात समाजकार्य. पार्वतीबाईंच्या आयुष्यात हे दोन कप्पे पाडताच येत नाहीत. त्यांनी धर्म टाकला नाही, रूढी टाकली, आणि या दोहोंत फरक कुठे हे त्या स्वतः ठरवत गेल्या. त्यांचे सगळे विचार आज पटतील असंही नाही. गृहिणीधर्माचं त्यांना जे कौतुक आहे ते वाचताना मी दोन-तीनदा पुस्तक मिटलंय. तुमच्या आजीचीही अशी मतं असतील, ज्यावर तिचं नि तुमचं वाजलं असेल. ती गाळू नका. गाळलीत की आजी जाते आणि तसबीर उरते.

त्यांची आत्मकथा 'माझी कहाणी' १९२८ साली आली. दोनच वर्षांनी तिचं इंग्रजी भाषांतर झालं, ते जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानं केलं. हाच माणूस एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांची चरित्रं इंग्रजीत नेत होता. संतांच्या त्या रांगेतून बाजूला होऊन त्याला एका वर्गणी मागणाऱ्या बाईपाशी थांबावंसं वाटलं, याचं मला फार बरं वाटतं. जुन्या ग्रंथालयात विचारा, मराठी प्रत मिळाली तर तीच वाचा.

आता तुमच्या लिखाणाबद्दल. आजीचे गुण लिहायला घेऊ नका, तिचे फेरे लिहा. ती कुणाकडे मागायला जायची? कुठल्या घरात तिला बसायला पाट मिळायचा आणि कुठे दारातूनच बोळवण व्हायची? संस्थेत ती अध्यक्ष कधीच नव्हती असं तुम्ही लिहिलंय; मग खुर्च्या कोण लावायचं, हिशेब जुळला नाही तर रात्री कोण जागायचं? पूजा करता करता मध्येच उठून तिनं कधी कुणासाठी दार उघडलं का? हे घरच्यांना बहुधा माहीत नसतं. शेजारच्या, तिच्याबरोबर हिंडलेल्या बायकांना माहीत असतं, आणि त्याही आता ऐंशीच्या पुढे असतील, तेव्हा लिहिणं राहू दे, आधी त्यांच्याकडे जाऊन या. एकेकीला वेगळं भेटा. चौघी एकत्र बसल्या की चौघीही 'फार चांगल्या होत्या हो' म्हणतात आणि चहा येतो.

आणि तिचं कपाट आवरायची घाई करू नका. देवाच्या पुस्तकांखाली किंवा साड्यांच्या तळाशी जुनी पावतीपुस्तकं असतील. पावत्या फाडून दिलेल्या, पण स्थळप्रती राहिलेल्या असतात. त्यावर तारीख, नाव, रक्कम तिच्याच अक्षरात सापडेल. आमच्या वाचनालयाच्या कपाटात अशी एक आहे, माझ्या आधीच्या कुणा बाईंनी भरलेली. एका पानावर रकमेच्या जागी काहीच नाही, फक्त नाव आणि समोर लिहिलंय, 'पुन्हा जाणे'.