बी.एस्सी. नंतर आयटी सपोर्टची नोकरी घ्यावी की डेव्हलपरच्या नोकरीसाठी थांबावं?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय, पुण्यात एल-१ (म्हणजे पहिल्या पातळीच्या) सपोर्टची ऑफर हातात आहे, पण मित्र म्हणतात 'सपोर्टला गेलास की तिथंच अडकशील', आणि क्लासवाले सांगतात की सहा महिने थांबून फुल स्टॅक (वेबसाइटची समोरची आणि मागची अशा दोन्ही बाजूंचं कोडिंग) कर. माझं मत सांगतो: ऑफर घ्या. मी सपोर्टमधूनच वर आलोय, सध्या पुण्यात लिनक्स सर्व्हर आणि क्लाउडचं (इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरचं) काम बघतो, आमच्या टीमसाठी मुलाखतीही घेतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपोर्टमध्ये माणसं अडकतात, हे खरं आहे. पण कोण अडकतं ते बघा. तिकीट (म्हणजे नोंदवलेली तक्रार) आलं, रनबुक (ठरलेल्या उपायांची यादी) उघडलं, त्यातल्या पायऱ्या केल्या, एसएलए (काम संपवायची ठरलेली मुदत) सांभाळला, तिकीट बंद. एवढंच दोन-तीन वर्षं केलं तर पुढच्या मुलाखतीत सांगायला काही उरत नाही.

एक नेहमीचं तिकीट घ्या. सर्व्हरची डिस्क भरल्याचा अलर्ट आला. डिस्क किती भरली ते सांगणारं 'डीएफ' ९८ टक्के दाखवतंय. रनबुक म्हणतं, जुन्या लॉग फायली (प्रोग्रामनं लिहिलेल्या नोंदी) उडवा. उडवल्या, तरी 'डीएफ'चा आकडा हलत नाही. फायलींचा आकार सांगणाऱ्या 'डीयू'नं फोल्डर मोजले तर बेरीज निम्म्यावरही जात नाही. मग कुणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करतं, जागा मोकळी होते, तिकीट बंद होतं, आणि काही दिवसांनी तेच तिकीट पुन्हा येतं.

झालेलं असं असतं: लिनक्सवर फाइल डिलीट केली की डिरेक्टरीतलं तिचं नाव जातं. पण एखाद्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रामनं) ती उघडून धरली असेल, तर ती प्रोसेस सोडेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. उघड्या फायलींची यादी देणारं 'एलएसओएफ' चालवलं की अशा फायलींपुढे 'डिलीटेड' लिहून येतं आणि कुणी धरून ठेवलीय तेही दिसतं. मूळ दुखणं बहुतेक वेळा लॉग फायली वेळोवेळी बदलणाऱ्या लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये सापडतं. जुनी फाइल बाजूला काढली जाते, पण 'आता नवीन फाइल उघड' हे ॲप्लिकेशनला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगणारी ओळ सेटिंगमध्ये घालायची, चेंज रिक्वेस्ट (बदलाच्या परवानगीचा अर्ज) टाकायची, दोन परिच्छेदांत कारण लिहून ठेवायचं. हे ज्यानं एकदा मुळापर्यंत जाऊन केलं, त्याला फाइल सिस्टीम, प्रोसेस आणि सिग्नल (प्रोसेसला पाठवायची सूचना) या तिन्ही गोष्टी कळल्या. मुलाखतीत मी असाच प्रश्न विचारतो, आणि 'रीस्टार्ट करतो'च्या पुढे दोन पावलं जाणारा उमेदवार मला लगेच लक्षात राहतो. त्याची डिग्री मग मी फारशी बघत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर आधी नेटवर्किंग. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान उघडेपर्यंत काय काय घडतं, ते डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं), टीसीपी (त्याच्याशी जोडणी), टीएलएस (ती जोडणी सुरक्षित करणं) अशा क्रमानं कुणालाही समजावून सांगता आलं पाहिजे. मग लिनक्स, एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन). त्यानंतर एकच क्लाउड. तीन क्लाउडची तोंडओळख असण्यापेक्षा एकावर स्वतः नेटवर्क उभं करून मोडलेलं जास्त कामाला येतं.

आणि कोडिंग सोडायचं नाही. रोज हातानं करावं लागणारं एखादं काम निवडा, बॅश (लिनक्सच्या कमांड लिहायची भाषा) किंवा पायथनमध्ये लिहा, टीमला वापरायला द्या. २००३ साली गूगलमध्ये बेन ट्रेनर यांच्या हाताखाली साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग (एसआरई) सुरू झालं, ते याच विचारावर: सर्व्हर सांभाळायचं काम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे द्यायचं, आणि अशा ऑपरेशन्सच्या कामात त्यांचा निम्म्याहून जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. आज एसआरई आणि डेव्हऑप्सच्या (कोड लिहिणं आणि तो सर्व्हरवर चालवणं एकत्र सांभाळण्याच्या) जागा निघतात, तिथं सपोर्टमध्ये मुरलेला आणि कोड लिहू शकणारा माणूस हवा असतो. तुमचा रस्ता तिकडून जातो.

सर्टिफिकेट घ्यायचंच तर आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीचं लिनक्सचं सर्टिफिकेट) घ्या असं मी सांगेन. तिथं पर्यायांवर खूण करायची नसते, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. फी बरीच आहे, त्यामुळे कंपनी भरते का ते आधी विचारा. क्लासच्या बाबतीत, मोठी रक्कम देण्याआधी सी-डॅक या सरकारी संस्थेचे कोर्स बघा. ही संस्था १९८८ साली पुण्यातच सुरू झाली, प्रवेश सी-कॅट परीक्षेनं होतो. पात्रता मात्र नीट वाचा, सगळ्याच कोर्सना नुसती बी.एस्सी. चालत नाही.

काही क्लासवाले 'दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' म्हणतात. त्या वाटेला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. बॅकग्राउंड तपासणीत कंपन्या पीएफच्या यूएएनवरची (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या क्रमांकावरची) सर्व्हिस हिस्ट्री मागतात. कुठं कधी लागलात, कधी सोडलं, सगळं त्यात दिसतं. पकडलं गेलं तर हातातली नोकरी जातेच, शिवाय पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

वर्ष-दीड वर्षानं एल-२ (सपोर्टची पुढची पातळी) मागा. मागताना तुम्ही मुळापासून बंद केलेल्या तिकिटांची यादी मॅनेजरसमोर ठेवा. तेवढ्यावरही हललं नाही, तर तीच यादी रेझ्युमेत घालून बाहेर बघायला लागा. नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर ते आधी हिशेबात धरा.

ऑफरवर सही करण्याआधी एचआरला चार गोष्टी विचारा: शिफ्ट फिरती आहे का, रात्री कॅब मिळते का, बाँड किती महिन्यांचा आणि किती रकमेचा, आणि एल-२ मध्ये आतल्या मुलांना घेतात का. मूळ मार्कशीट जमा करून घेणार असतील किंवा कन्सल्टन्सी जॉइनिंगसाठी पैसे मागत असेल, तर मात्र ही ऑफर सोडून द्या आणि दुसरी शोधा.