आईला घेऊन नाराला

प्रश्न : मार्चमध्ये क्योतोला जातोय. सोबत अडुसष्ट वर्षांची आई आहे, अजूनही रोज पर्वती चढते. तिला आवडेल असं एखादं शांत, देवाधर्माचं गाव सुचवाल?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आईंना नाराला न्याच. रेल्वेने साधारण पाऊण तास. तोदाइजी मंदिरातली काशाची बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. इ.स. ७५२मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा मान मिळाला बोधिसेन या भारतीय भिक्षूला! हे मनात ठेवून मी मूर्तीपुढे उभी राहिले, तेव्हा गळा दाटून आला होता.

हरणं रस्त्यात मोकळी फिरतात. त्यांच्यासाठीची बिस्किटं तिथेच विकत मिळतात. एक हरीण माझ्यापुढे मान लववून उभं राहिलं, पण पिशवी दिसताच पदर ओढायला लागलं. आईंच्या हातात पिशवी देऊ नका.

शक्य असेल तर १ ते १४ मार्चमधली एक संध्याकाळ तोदाइजीच्याच आवारातल्या निगात्सुदो या मंदिरासाठी ठेवा. सज्जातून पेटत्या मशाली फिरवतात, ठिणग्या खाली झरतात आणि लोक त्या शुभ मानतात. १२ तारखेला मात्र फार गर्दी असते, ती टाळा. पायऱ्या आहेत, पण पर्वतीची सवय असलेल्या आईंना त्या जड जाणार नाहीत.