निळे घोडे घ्या, पण निवृत्तीच्या पैशांतून नको

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणारे, एच-वन-बी व्हिसावर असलेले ४१ वर्षांचे वाचक. जवळच्या एका घरातलं सामान विकायला निघालंय. त्यात इटलीतल्या 'बितोस्सी'चे ३१ चिनी मातीचे प्राणी आहेत: घोडे, बैल, मांजरं, घुबडं. सगळे मिळून १४,००० डॉलर. ४०१ के मधून (नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून) कर्ज काढून ते घ्यायचे, सहा वर्षांनी मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा एकेक विकायचे, २२,००० तरी येतील, असा त्यांचा बेत आहे. पत्नीचा विरोध आहे.

नमस्कार. तुमची आवड उत्तम आहे, बेत मात्र मला पटलेला नाही.

आधी तुमचेच २२,००० धरून हिशेब करू. ऑनलाइन विकलंत तर कमिशन आणि पैसे घेण्याचं शुल्क मिळून १५ टक्के, म्हणजे ३,३०० गेले. नगामागे पॅकिंग-कुरियरचे ४० डॉलर धरले तर आणखी १,२४० गेले. नफा उरला ३,४६० डॉलर. अशा संग्राह्य वस्तूंना शेअर्ससारखा १५-२० टक्क्यांचा सवलतीचा कर लागत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरही केंद्राचा कर कमाल २८ टक्के असतो. तेवढा धरला तर सुमारे ९७० त्यात गेले, आणि हातात साधारण २,४९० उरतात. सहा वर्षांत १४,००० वर एवढेच, म्हणजे वर्षाला तीन टक्केसुद्धा नाहीत. न्यू जर्सीचा कर, विमा आणि वाटेत फुटलेलं एखादं शिंग अजून यात धरलेलंच नाही.

शिवाय २२,००० हा आकडा आला कुठून? बहुतेक जाहिरातींतल्या किमतींवरून. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर असतं. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या नगांचे भाव बघा. तिथेही छापलेल्या भावात खरेदीदाराकडून घेतलेलं लिलावगृहाचं कमिशन मिसळलेलं असतं, ते विकणाऱ्याला मिळत नाही.

आता वस्तूंकडे येऊ. फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेलुपोतला बितोस्सीचा कारखाना १९२१ चा. युद्धानंतर आल्दो लोंदी तिथे कलादिग्दर्शक झाले. ओल्या मातीवर ठसे उमटवून वर गडद निळी-हिरवी झिलई चढवलेली त्यांची 'रिमिनी ब्लू' मालिका सगळ्यांत ओळखीची. रेमोरसारख्या आयातदारांनी हा माल अमेरिकेत भरपूर विकला. तो तुमच्या शेजारच्या घरात सापडतो त्याचं कारण हेच, आणि तो फारसा दुर्मिळ नाही त्याचंही कारण हेच. त्यात कंपनी लोंदींच्या जुन्या नमुन्यांवरून आजही नवे नग काढते. ज्या वस्तूचा पुरवठा थांबलेलाच नाही, तिचा भाव वर्षानुवर्षं चढेल असं धरून मी कुणाच्या मुलीच्या फीची तजवीज करणार नाही.

तळाशी हाताने 'इटली' लिहिलंय म्हणून नग बितोस्सीचा ठरत नाही. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावंच लागे, आणि त्या भागात असा माल करणारे कारखाने बरेच होते. रेमोरचं लेबलही आयातदार सांगतं, कारखाना नाही. ३१ पैकी किती खात्रीचे, हे विकणाऱ्याला विचारलंत का?

मला खरी काळजी कर्जाची वाटते. ४०१ के मधून जमा हक्काच्या रकमेच्या निम्मं, कमाल ५०,००० डॉलर कर्ज साधारणपणे मिळतं आणि पाच वर्षांत फेडायचं असतं. व्याज आपल्याच खात्यात जातं म्हणून ते फुकट वाटतं, पण तेवढी रक्कम बाजाराबाहेर राहते. नोकरी गेली तर बऱ्याच योजनांत उरलेलं कर्ज एकदम अंगावर येतं. त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते भरलं नाही तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते, आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंड. तुमच्या व्हिसावर नोकरी गेल्यावर हातात असतात फार तर ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, कदाचित घर आवरायचं, आणि ३१ प्राण्यांना गिऱ्हाईकही? घाईत विकणाऱ्याला व्यापारी काय भाव देतो, ते मी सांगायला नको. आयआरएतून, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यातून, घ्यायचं म्हणाल तर तोही मार्ग बंद आहे: त्यातून संग्राह्य वस्तू घेतली की तेवढे पैसे काढले असंच धरतात.

वहिनींचा विरोध रास्त आहे. पण त्यांनी 'एकही नको' म्हटलं असेल, तर तिथे मी तुमच्या बाजूने आहे. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम आणि मुलीच्या ५२९ खात्यातला (शिक्षणासाठीच्या बचत खात्यातला) हप्ता बाजूला काढून बोनसमधून जे उरेल, त्यात चार-पाच नग घ्या. खात्रीचे, टवका न उडालेले, आणि कधीच विकले गेले नाहीत तरी रोज बघावेसे वाटतील असे. विकणारे 'सगळे एकत्रच' म्हणत असतील तर थोडं थांबा. ३१ नगांना रोख गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. आणि घेतलेत तर घराच्या विमा कंपनीला लेखी विचारा. साध्या पॉलिसीत हातून पडून फुटलेली वस्तू सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळी नोंद करून जादा हप्ता भरावा लागतो.